चटका न बसणारे हात

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, "आमच्या कौसल्याच्या हाताला चटका कसा तो बसतच न्हाई. सून असावी तर अशी." मी तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटायची. चुलीतला इंगळ चिमटीत धरून बाजूला सारायची. उकळत्या वरणाचं पातेलं फडक्याशिवाय खाली उतरवायची. शेजारच्या बाया ते बघायला मुद्दाम यायच्या आणि मलाही ऐट वाटायची. दुसऱ्या दिवशी बोटावर टचटचीत फोड दिसायचा, तेव्हा आत्याबाई म्हणायच्या, "कामाच्या बाईचे हात असेच असत्यात." मग हळद लावायची आणि पुन्हा चुलीपुढे बसायचं.

असं दीड वर्ष चाललं. घरादारानं ज्याचं कौतुक केलं तो माझा रोग होता. मीही मिरवला. कोणाच्या घरात अशी 'खंबीर' सून असेल, तर तिचं कौतुक थांबवा आणि तिचे हात नीट बघा. हे लिहायचं पहिलं कारण तेच आहे.

दुसरं कारण आमच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या ताई. त्या कितीदा म्हणाल्या, "कौसल्या, लिही. दुसऱ्या बायांना कामाला येईल." मी सातवी शिकलेली. जमेल तसं लिहिते. गोड लिहायला मात्र सांगू नका.

*

शहाऐंशी सालचा उन्हाळा होता. आमचं गाव बदनापूरपासून आत, खडीच्या रस्त्यावर. शाळेत सरकारी तपासणीवाले आले आणि सगळ्या बायांना रांगेत उभं केलं. माझ्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता, आम्ही त्याला नायटा समजत होतो. तो माणूस म्हणाला, "बाई, डोळे मिटा. मी पेनाचं टोक लावतो. जिथं लागेल तिथं बोट ठेवा."

मी डोळे मिटून उभी राहिले. हा कधी सुरू करतो याची वाट बघत होते. मागच्या बाया खुसुखुसु हसत होत्या, मग त्यांचं हसणं एकाएकी थांबलं. तो म्हणाला, "झालं, बाई. उघडा डोळे."

त्यानं चौदा-पंधरा ठिकाणी टोक लावलं होतं म्हणे. मी एकदाही बोट उचललं नव्हतं.

त्यानं कागदावर 'कुष्ठरोग' लिहिलं, तोंडानं नाव घेतलं नाही. चांगला माणूस होता. पण नाव घ्यायला गाव होतंच. मी घरी पोचायच्या आत 'रगतपिती' हा शब्द आमच्या ओट्यावर जाऊन बसला होता. आत्याबाई दारात उभ्या होत्या. माझी चार वर्षांची संगीता त्यांच्या कडेवर होती. ती सवयीनं माझ्याकडे झेपावली, आणि आत्याबाईंनी तिला मागं ओढलं. माझ्या हातून भाकरी, पाणी, शेवया, पापड सगळं खाल्लेली बाई. काल रात्री माझ्याकडून पाय चेपून घेतलेली बाई.

मालक, म्हणजे माझे यजमान, बैलांपाशी उभे होते. ते बैलांकडेच बघत राहिले.

*

जालन्याच्या दवाखान्यात मी सात महिने राहिले. डाव्या हाताची दोन बोटं वाकायला लागली होती आणि उजव्या तळव्यावरच्या भाजल्याच्या जखमेत पू झाला होता, म्हणून ठेवून घेतलं. बाकीच्यांना गोळ्यांचं पान देऊन घरी पाठवायचे. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते, हे मला कोणी आधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी संडासात बसून भीतीनं अर्धी मेले होते. अंगही काळवंडतं, पण ते नंतर उतरतं. एवढं आधी माहीत असलेलं बरं.

सकाळी उठलं की बादलीत हात बुडवून बसायचं, मग तेल लावायचं, मग उजेडात जाऊन एकेक बोट डोळ्यांनी तपासायचं, गहू निवडतो तसं. कुठं चीर पडली का, कुठं काटा रुतला का. हात काही सांगणार नाहीत, तुम्हीच बघायचं. आठ बायांच्या खोलीत आम्ही एकमेकींचे हात तपासायचो. त्यात एक मास्तरीण होती, ती एवढंच म्हणायची, "माझ्या शाळेला कळलं का गं?" दिवसातून वीस वेळा.

मालक महिन्यातून एकदा रेल्वेनं यायचे. केळी आणायचे. पिशवी माझ्या हातात न देता खाटेच्या पायथ्याशी ठेवायचे आणि गाडीची वेळ झाली म्हणायचे. माझे मालक वाईट नव्हते, भित्रे होते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

मी एकदाच विचारलं, "संगी काय म्हणती?"

"खेळती. आता तुझं नाव बी काढत न्हाई," ते म्हणाले. त्यांना वाटलं, मला बरं वाटेल.

मला काहीच वाटलं नाही, हीच भीतीची गोष्ट होती. रडू नाही, राग नाही. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि जायचा, छातीत काही हलायचं नाही. एक दिवस मी ताईंना विचारलं, "ताई, हा रोग काळजात पण जातो का?" त्या म्हणाल्या, "नाही. तो चामडीत आणि नसांत असतो." मी म्हणाले, "मग मला रडू का येत नाही?"  त्यांनी माझ्या हातात मातीचा गोळा दिला आणि म्हणाल्या, "हा दाबत बस. बोटं आखडायची नाहीत."

*

शंभर वेळा दाबायचं, शंभर वेळा सोडायचं. मी पोतं शिवल्यासारखी निर्जीव मोजत होते. तेव्हा पुरुषांच्या बाजूनं आवाज आला, "ही काय माती हाय? नुसती रेती हाय हिच्यात."

आवाज ओळखीचा होता. बघते तर दगडूमामा. आमच्याच गावचे कुंभार! गावात सगळ्यांना माहीत होतं की दगडूमामा लेकीकडे गेलेत. आमच्या घरातला माठ त्यांचा, रांजण त्यांचा, देवाची पणती त्यांची. मामांनी मला बघितलं. जवळ येऊन हात जोडले. "कौसाबाई, पाया पडतो. गावात बोलू नको. माझ्या मडक्यातलं पाणी कोण पिईल?"

मी म्हणाले, "न्हाई बोलणार." माझं तर सगळं जगजाहीर झालं होतं. दुसऱ्याचं झाकण उघडून मला काय मिळणार होतं? आज मामा नाहीत, मामी नाहीत, त्यांचं घर पडलंय. म्हणून लिहिते.

मामांनी ताईंशी भांडून ओढ्याकाठची माती मागवली. ती वाळवली, कुटली, चाळली, भिजवली, तुडवली. दोन दिवस गेले. मग मला म्हणाले, "झाली का बघ."

"मला कसं कळणार, मामा? बोटं मेलीत माझी."

"माझी काय जित्ती हायेत? तीन वर्षं झाली, मी बोटाला विचारतच न्हाई." त्यांनी चिमूटभर माती घेऊन गालाला लावली. "गालाला कळतं. ओठाला कळतं. मनगटाच्या आतल्या अंगाला कळतं. खडा असला का बराबर टोचतो. रोगानं सगळं नेलं न्हाई, उरलंय ते वापर."

मी माती मनगटाला लावली. गार. तीन महिन्यांत, नव्हे दीड-दोन वर्षांत, माझ्या हातानं मला सांगितलेली ती पहिली गोष्ट. गार आहे. मी परत लावली. परत गार. मग नाकाशी धरली. त्या वासाबरोबर काय आलं सांगू? संगीताच्या टाळूचा वास. न्हाऊ घातल्यावर, डोकं पुसायच्या आधीचा. मी चटकन माती खाली ठेवली. तेवढंच त्या दिवशी पुरे झालं.

मामा पोळ्याचे बैल शिकवायला लागले. मातीचा बैल बोटांच्या टोकांनी करायचा नसतो असं त्यांचं म्हणणं. अंग तळव्याच्या गादीनं वळायचं, मान मनगटाच्या कडेनं दाबायची, शिंगं डोळ्यांनी बघत हळू ओढायची. माझे पहिले बैल डुकरासारखे झाले. मास्तरीण सुद्धा हसली, आणि त्या दिवशी तिनं शाळेचं एकदाच विचारलं.

महिन्याभरानं मी एक बाई केली. ठरवून नाही. लुगड्याचा काष्टा झाला, मोठी नथ झाली, ओठ पुढे आले, आणि बघते तर आत्याबाई माझ्यापुढे उभ्या. हुबेहूब. मी थोडा वेळ बघितलं आणि वरून मूठ हाणली. नथ चपटी झाली. पुन्हा हाणली. किती वेळा ते मोजलं नाही. मग माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की ताई पळत आल्या. मी रडत होते. चार महिन्यांचं एकदम. दगडूमामांनी ताईंना हातानंच थांबवलं आणि मला म्हणाले, "रड, बाई. पण जरा बाजूला होऊन रड. माती पातळ होऊन राह्यली."

ज्यांना हा रोग झालाय, किंवा दुसरा कुठलाही असा रोग झालाय की मन दगड होतं, त्यांना मी एवढंच सांगते. मातीनं माझी बोटं परत आली नाहीत. वाकलेली वाकलेलीच आहेत. उलट माती हाताचं तेल शोषते, भेगा पाडते, म्हणून काम झालं की हात भिजवायचे आणि तेल चोळायचं, विसरायचं नाही. पण राग परत आला. माझ्यासाठी तेव्हा तेवढं पुष्कळ होतं.

*

डॉक्टरांनी कागद दिला. हिच्यापासून आता कोणाला लागण होणार नाही, गोळ्या घरून घ्याव्यात. मी तो कागद पदरात बांधून आणला. आत्याबाई म्हणाल्या, "कागदाला काय चाटू?"

मालकांनी मधला मार्ग काढला. भित्र्या माणसाचा मधला मार्ग नेहमी त्यालाच सोयीचा असतो. शेतात आमचा आखाडा होता, एक खोली आणि गोठा, गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. तिथं मला ठेवलं. दाणे पोचवायचे, रविवारी मालक यायचे. भावानं निरोप पाठवला, "आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत, तू समजदार हायेस." समजदार म्हटलं की बाईनं गप्प बसायचं.

माझी एकच मागणी होती. रविवारी संगीताला आणा. मालकांनी आणलं. पाच वर्षांची झाली होती. ती लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली आणि पुढे येईना. मी हाक मारली तर बापाच्या धोतराआड गेली. तिला कोणीतरी नीट शिकवून ठेवलं होतं.

मी तिला परत हाक मारली नाही. पुढच्या रविवारी ती यायच्या वेळेला अंगणात माती घेऊन बसले आणि तिच्याकडे न बघता बैल करायला लागले. ती झाडाखालून बघत होती. त्याच्या पुढच्या रविवारी झाडाच्या अलीकडे. मग कडब्याच्या गंजीपाशी. मी मान वर केली नाही, एवढा धीर मला कुठून आला कोण जाणे. पाचव्या का सहाव्या रविवारी माझ्या कानाजवळ आवाज आला, "याला शेपूट न्हाई का?"

"तू लाव," मी म्हणाले.

तिनं शेपूट लावलं. मग एक शिंग ओढून वाकडं केलं. तिचे हात माझ्या हातांना लागत होते हे मी डोळ्यांनी बघत होते. बोटांना कळत नव्हतं. मग मी तिचा हात उचलून माझ्या मनगटावर आतल्या बाजूला ठेवला. ओला, छोटा, जरासा गरम. त्यापुढं मला काही लिहिता येत नाही.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिच्या तळव्यांची सालं निघाली होती. "आजीनं राखेनं घासले," ती म्हणाली. "मंग ऊन पाण्यात बुडवले."

मी उठले आणि भर दुपारी गावात गेले. आखाड्यावर आल्यापासून पहिल्यांदा. आमच्या ओट्यापुढे उभी राहून मी असं काही बोलले की पारावरची माणसं उठून आली. "म्हातारे, माझ्या हाताला चटका बसत न्हाई, माझ्या लेकीच्या हाताला बसतो! ते तरी तुला कळायला पाहिजे!" आयुष्यात मी त्यांना अगं म्हटलं नव्हतं. आत्याबाईंनी दार लावून घेतलं.

परत आलेल्या रागाचा तो पहिला खर्चा. तीन रविवार संगीताला आणलं नाही.

*

दगडूमामा बरे होऊन गावात आले होते आणि 'लेकीकडून परत आल्ते'. ते कधी माझ्याशी रस्त्यात बोलले नाहीत. पण त्यांची बायको, गयामामी, गोवऱ्या वेचायच्या निमित्तानं टोपलं घेऊन आखाड्यावर यायची. माझे बैल टोपल्यात, वर गोवऱ्या. पोळ्याला मामा ते घरोघर द्यायचे, आणि गाव म्हणायचं, औंदा मामाच्या बैलांत जीव आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संगीता मालकांबरोबर आली. डोळे चमकत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, आजीनं देवापुढं तुझे बैल मांडलेत. मी वळखले. त्याचं शिंग मी वाकडं केल्तं. आजीनं त्याच्या पाया पडून पुरणपोळी ठिवली."

 ज्या घरात मला पाय ठेवायची बंदी, तिथं माझ्या हातच्या मातीला नैवेद्य. हसू का रडू कळेना. आणि तेव्हाच मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. मी लेकीला म्हणाले, "कोणाला सांगू नको, संगे. बिलकुल न्हाई. कोणी विचारलं तर म्हणायचं, कुंभाराकडचे हायेत."

मामांचं पोट त्याच्यावर होतं म्हणून सांगितलं. माझे बैल देवघरात राहावेत म्हणूनही सांगितलं, खोटं कशाला बोलू? सहा वर्षांच्या पोरीनं मान हलवली. तिनं तो शब्द पाळला. दर पोळ्याला पाळला. चांगली गुणी पोर, काही बोलायची नाही.

ती मोठी होत गेली. आत्याबाईंची ताकद कमी झाली तशी ती एकटी यायला लागली, पण मागच्या वाटेनं. मागच्या वाटेनं का येतेस, असं मी कधी विचारलं नाही. आम्ही दोघी माती करायचो. तिचं बोट फिरलं की बैलाला डोळा यायचा. ती माझ्या हातांना तेल लावायची, भेगा बघायची. माझ्यापुरती ती रविवारची सोन्यासारखी पोरगी होती. सोमवार ते शनिवार ती गावाची होती, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

*

संगीता एकोणीस वर्षांची झाली आणि राजूरकडचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, बरी जमीन. मालक आखाड्यावर आले आणि बाजेवर बसून चप्पलेच्या टोकानं माती उकरायला लागले.

"जमलं का?" मी विचारलं.

"जमलं. पण त्यायला सांगितलंय की..."

"काय?"

"की तू न्हाईस."

मी तवा उतरवत होते, फडक्यानं. तो नीट खाली ठेवला. मग विचारलं, "किती वर्षं झाली मला मरून?"

"पंधरा."

"आणि कशानं मेले?"

ते पुन्हा माती उकरायला लागले. "साप," म्हणाले.

"बरं केलंत," मी म्हणाले. "रोगानं मेले असं सांगितलं असतं तर स्थळ मोडलं असतं." ते रडायला लागले. मी त्यांना पाणी दिलं नाही.

"संगीला माहीत हाय?"

त्यांनी मान हलवली. तिला माहीत होतं. मागच्या रविवारी ती तीन तास माझ्यापाशी बसून गेली होती आणि बोलली नव्हती.

आमच्याकडे लग्नाआधी बाया वाजतगाजत कुंभाराच्या घरी जातात. तिथं कुंभारणीला हळदीकुंकू लावतात, ओटी भरतात, आणि मग चुना-काव लावून रंगवलेली मडकी डोक्यावर घेऊन मांडवात आणतात. त्याशिवाय मांडव पुरा होत नाही. मी गयामामीला म्हणाले, "मामी, माझ्या लेकीची मडकी मी रंगवणार. आणि द्यायला मी उभी राहणार." मामी दारातच बसली. म्हातारी झाली होती. मग म्हणाली, "तुझ्या जिवावर आमचा पोळा चालला इतकी सालं. उभी राहा. बघू कोण काय म्हणतं."

बोटं वाकडी तरी रेघा सरळ आल्या. पांढरे पट्टे, लाल वेल, गळ्याशी ठिपके. एका मडक्यावर मी एक बारका बैल काढला.

वाजंत्री आली. पुढे आत्याबाई, हातात हळदीकुंकवाची कोयरी. त्यांनी मला बघितलं आणि पाय थांबले. मामी म्हणाली, "मडकी हिनं रंगवलीत. पयला मान हिचा." वाजंत्रीवाला वाजवतच होता. मागच्या बाया, ज्या एकेकाळी शाळेच्या रांगेत माझ्या मागं हसल्या होत्या, त्या आता श्वास धरून उभ्या. मडक्यांशिवाय परत जाता येत नव्हतं. आत्याबाईंनी अंगठा कुंकवात बुडवला आणि माझ्या कपाळाला टेकवला.  पंधरा वर्षांपूर्वी सापानं मारलेल्या सुनेला त्यांनी सवाष्ण म्हणून कुंकू लावलं आणि तांदळानं ओटी भरली. मला आनंद झाला. दुष्ट आनंद झाला, आणि मी तो लपवत नाही.

तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण एकदा चव लागली की माणूस थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मडकी रचायला मामीबरोबर मी मांडवात गेले.

संगीता मुंडावळ्या बांधून बसली होती. पिवळा शालू, हातभर चुडा. मी चार कोपऱ्यांत मडकी रचली, आणि रचता रचता तिच्यापासून चार हातांवर आले. नवऱ्या मुलाची आई शेजारी बसलेली. चांगली वाटली बाई, डोळ्यांत माया होती. तिनं मडक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती नाजूक रंगवलंय हो! सूनबाई, या कोण?"

संगीतानं माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ बघितलं. मला वाटलं, आता. आता हिच्या तोंडून निघणार.

"कुंभाराकडच्या मावशी हायेत," ती म्हणाली.

सुरीनं कापावं तसं सरळ आत गेलं. मी हसले. नवऱ्या मुलाच्या आईला नमस्कार केला. मग मांडवाच्या मागून, मागच्याच वाटेनं, आखाड्यावर आले आणि दोन दिवस बाजेवरून उठले नाही. लेकीचा राग, मालकांचा राग, म्हातारीचा राग, आणि सगळ्यांत जास्त माझा. ते वाक्य तिच्या तोंडात मीच घातलं होतं.

*

पंचमीला संगीता माहेरी आली. आखाड्यावर आली तेव्हा दिवस वर होता, आणि ती पुढच्या वाटेनं आली. अंगावर सासरचं लुगडं. मी अंगणात माती मळत होते. ती माझ्यापुढे बसली. 

मग तिनं विचारलं, "आई, तुला माझा राग आलाय का?"

माझ्या आयुष्यात मला हा प्रश्न कितीतरी जणांनी विचारला असेल. नवऱ्यानं, भावानं, डॉक्टरांनी. माझं उत्तर ठरलेलं असायचं, न्हाई हो, राग कशाचा. ते उत्तर तोंडापर्यंत आलं. मी ते गिळलं.

"आलाय," मी म्हणाले. "लई आलाय."

ती रडायला लागली. मुसमुसत उठली, पदर सावरला. "मंग मी जाऊ का?"

"राग आलाय म्हणले," मी म्हणाले. "जा म्हणले न्हाई."

ती उभीच राहिली. मी मातीच्या गोळ्याचे दोन तुकडे केले आणि एक तिच्यापुढे ठेवला.

"बस," मी म्हणाले. "आणि सांग सगळं. तुझ्या सासूला खरं कधी सांगणारेस?"

ती बसली. उत्तर अजून दिलेलं नाही. दर पंचमीला येते, आणि दर पंचमीला मी तिला तेच विचारते.